सार्वजनिक उद्यान : सर्व वयांचें अंगण

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें पूर्वेकडे निघालें म्हणजे येरवडा, वडगांव शेरी व चंदननगर मागें टाकून आपण खराडीस येतों. दक्षिणेस मुळामुठा नदी, पलीकडच्या तीरास मुंढवें, आणि अलीकडे शेतीची जमीन, असें हें गांव एका पिढीपूर्वीपर्यंत होतें. १९९७ सालीं तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. पुढें संगणकाच्या कामाच्या मोठमोठ्या कचेऱ्या येथें उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागोमाग उंच उंच इमारती आल्या. ज्यांनीं ह्या भागांत बैलगाडी हांकली आहे अशीं माणसें अद्याप ह्याच गांवांत राहतात, आणि त्यांच्या शेजारच्या इमारतींत, ज्यांनीं बैलगाडी केवळ चित्रांत पाहिली आहे अशीं मुलें वाढत आहेत.

ह्या बदलांत काय मिळालें तें सर्वांस दिसतें. घरांस किंमत आली, रस्ते झाले, रोजगार आला. परंतु काय गेलें ह्याचा हिशेब फारसा कोणी मांडीत नाहीं. आपल्याकडील कोणतेंहि जुनें गांव घ्या; त्यांत प्रत्येक वयाच्या माणसासाठीं एक जागा ठरलेली असे. म्हाताऱ्यांस पार, तरुणांस तालीम, बायकांस नदीचा घाट व देवळाचा ओटा, मुलांस पीक निघाल्यावर मोकळें पडलेलें शेत. वडाच्या पारंब्यांवर सूरपारंब्या चालत असत, आणि त्याच वडाच्या पारावर आजोबा बसलेले असत. म्हणजे खेळणारा व त्याच्यावर लक्ष ठेवणारा हे दोघे आपोआपच एके ठिकाणीं येत. त्यासाठीं कोणी फलक लाविला नव्हता, कीं वेळापत्रक केलें नव्हतें. (ह्या पारावर गांवांतील सर्वांसच बसावयास मिळत असे असें मात्र कोणीं समजूं नये. कित्येकांस त्याच्या बाजूनें जातांनाहि अंग चोरावें लागे. जुन्या गांवाचें कौतुक करतांना ही गोष्ट विसरून चालत नाहीं.)

शेत गेलें, खळें गेलें, घाट गेला. आतां ह्या सर्वांच्या ऐवजीं एकच जागा उरली आहे, व ती म्हणजे महानगरपालिकेचें उद्यान. म्हणून उद्यानास जाणें ही वेळ घालविण्याची क्षुल्लक गोष्ट नसून तें कसें पाहावें, त्यांत काय असावें आणि तें कोणासाठीं असतें, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. बाग ही वस्तु आपणांस नवी नाहीं. पण सर्वांस मोकळी असलेली बाग ही तशी अलीकडचीच. पेशव्यांच्या काळीं पर्वतीच्या पायथ्याशीं तळें होतें व तळ्याच्या मध्यभागीं गणपति. पुढें तें तळें राहिलें नाहीं, आणि त्या जागीं हल्लींची सारसबाग झाली. शहराच्या पूर्वेस एंप्रेस गार्डन आहे. तें ज्या संस्थेच्या ताब्यांत आहे, ती शेतकी व बागाईतीची संस्था १८३० सालीं स्थापन झाली. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या देणगींतून मुळामुठेवर बंधारा झाला, आणि त्या बंधाऱ्याशेजारची बाग बंडगार्डन ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. हेंच पाणी पुढें खराडीकडे येतें. ह्या जुन्या बागा सुंदर आहेत. तथापि त्या मुख्यतः पाहण्यासाठीं व फिरण्यासाठीं केलेल्या होत्या. फुलें पाहावीं, वारा घ्यावा, देवदर्शन करावें आणि घरीं जावें. मूल धांवूं लागलें तर त्यास हांक मारून थांबवावें, अशी एकंदर रीत.

युरोपांतहि असेंच होतें. इंग्लंडांतील डर्बी गांवीं जोसेफ स्ट्रट नांवाच्या गिरणीमालकानें १८४० सालीं लोकांच्या उपयोगासाठीं एक बाग दान केली. गिरणीत राबणाऱ्या मजुरांस व त्यांच्या कुटुंबांस हवा खावयास जागा व्हावी हा त्याचा हेतु. तिच्यांत झाडें होतीं, पाऊलवाटा होत्या. पण मुलांच्या खेळासाठीं म्हणून वेगळी सोय करावी ही कल्पना रुजावयास आणखी कांहीं काळ लागला. जर्मनींतील एका धर्मोपदेशकाचा मुलगा फ्रेडरिक फ्रोबेल ह्यानें १८३७ सालीं लहान मुलांची शाळा काढिली आणि १८४० सालीं तिला 'मुलांची बाग' ह्या अर्थाचें नांव दिलें. मूल खेळांतूनच शिकतें, तेव्हां खेळ हें त्याचें काम होय, असें त्याचें म्हणणें होतें. तेथून पुढें बर्लिन शहरांतील बागांत मुलांसाठीं वाळूचे ढीग टाकण्याची चाल पडली. मेरी झाक्रझेव्स्का नांवाच्या एका स्त्री-डॉक्टरनें ते ढीग पाहिले व अमेरिकेंतील बॉस्टन शहरांतील आपल्या मैत्रिणींस त्यांविषयीं लिहिलें. १८८५ सालीं तेथील एका प्रार्थनामंदिराच्या आवारांत वाळूचा एक ढीग टाकण्यांत आला. अमेरिकेंतील सार्वजनिक क्रीडांगणांची गोष्ट ह्या ढिगापासून सुरू होते. एवढ्या मोठ्या गोष्टीचा आरंभ एका गाडीभर वाळूनें व्हावा हें मला नेहमीं मौजेचें वाटतें. कारण आजहि तीन वर्षांच्या मुलास उद्यानांत सोडलें, तर किंमती खेळणीं बाजूस ठेवून तें पहिल्यानें मातीच उकरूं लागतें, आणि आई त्याला ओरडूं लागते!

आपल्याकडे मुंबईस मलबार टेकडीवर १९५२ सालीं कमला नेहरू उद्यान झालें, व त्यांतील म्हातारीच्या बुटानें कित्येक पिढ्यांस वेड लाविलें. पुण्याच्या पेशवे उद्यानांत १९५६ सालीं 'फुलराणी' ही लहानगी आगगाडी धांवूं लागली. आज पुणें महानगरपालिकेचीं दोनशेंहून अधिक उद्यानें आहेत. आठवड्यांतून एखादे दिवशीं गाडी करून जावें अशा मोठ्या बागांपेक्षां, घरांतून निघून दहा मिनिटांत पायीं पोंचतां यावें असें वस्तींतील लहान उद्यान अधिक उपयोगाचें. ह्याचें कारण असें कीं, खेळ हा सणासारखा नसून जेवणासारखा आहे. तो रोज लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ ते १७ वर्षांच्या मुलांमुलींस दिवसाला सरासरी ६० मिनिटें, मोठ्या माणसांस आठवड्याला निदान १५० मिनिटें, आणि एक ते चार वर्षांच्या बालकांस तर दिवसाकांठीं एकूण तीन तास शरीराची हालचाल सांगितली आहे. पासष्टीच्या पुढच्या माणसांनीं तोल संभाळण्याचे व्यायाम आठवड्यांतून तीन दिवस करावे असेंहि तिचें सांगणें आहे, कारण उतारवयांत पडणें फार महागांत जातें. हा सर्व व्यायाम दिवाणखान्यांत होणें शक्य नाहीं.

आतां कोणी म्हणेल, आमच्या गृहसंकुलांत स्वतंत्र बाग आहे; आम्हांस बाहेर जाण्याची गरज काय? हें म्हणणें खराडींत वारंवार ऐकूं येतें, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्रांतील बांधकामाच्या २०२० च्या एकत्रित नियमांप्रमाणें ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर बांधणी करावयाची असल्यास दहा टक्के जागा करमणुकीसाठीं मोकळी ठेवावी लागते. ही जागा चांगलीच आहे. परंतु ती भिंतीच्या आंत असते, दारावर पहारेकरी असतो, आणि त्या पहारेकऱ्याचें स्वतःचें मूल तेथें खेळावयास येऊं शकत नाहीं. ज्या बाईच्या हातची भाकरी आपण खातों तिची मुलगी, ज्या गवंड्यानें ती भिंत बांधिली त्याचा मुलगा, गांवठाणांतील जुन्या घरांतील मुलें, हीं सर्व ह्या दहा टक्क्यांच्या बाहेरच राहतात. सार्वजनिक उद्यानाची गोष्ट निराळी. राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १९९२ सालीं झाली. तिनें जोडलेल्या बाराव्या परिशिष्टांत उद्यानें, बागा व क्रीडांगणें ह्यांची तरतूद हें नगरपालिकांकडे सोंपवावयाच्या कामांत घातलें आहे. बालहक्कांच्या जागतिक करारांतील ३१ व्या कलमांत खेळणें हा मुलांचा हक्क म्हणून नमूद आहे, आणि त्या करारास भारतानेंहि १९९२ सालींच मान्यता दिली. म्हणजे उद्यानांत शिरणारें कोणतेंहि मूल तेथें पाहुणें नसतें. तें आपल्याच जागेंत येत असतें. एकाच वर्गांत बसणारीं दोन मुलें शाळा सुटल्यावर एका झोंक्याच्या रांगेंत उभीं राहूं शकतात अशी जागा खराडींत फार थोडी उरली आहे. ती उद्यानांत आहे.

तेव्हां आतां अशा एखाद्या उद्यानाच्या फाटकांतून आंत जाऊं. पुष्कळ ठिकाणीं रचना सारखीच असते : सभोंवार चालण्याची फरसबंद वाट, मध्यें हिरवळ, एका अंगास मुलांचीं खेळणीं, दुसऱ्या अंगास व्यायामाचीं लोखंडी यंत्रें, आणि झाडांखालीं बांकें. घाईनें पाहणाऱ्यास ह्यांत विशेष कांहीं दिसत नाहीं. पण विज्ञानाचा तास झाल्यावर वर्गास येथें आणावें, म्हणजे पुस्तकांतील आकृत्या हालूंचालूं लागतात.

झोंका म्हणजे एक लंबकच होय. सांखळी २ मीटर लांब असेल तर झोंक्यास एकदां पुढें जाऊन परत येण्यास सुमारें २.८ सेकंद लागतात. बसणारा धाकटा भाऊ असो वा थोरली बहीण असो, ह्या काळांत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. कारण हा काळ सांखळीच्या लांबीवर अवलंबून असतो, वजनावर नव्हे. घड्याळ घेऊन दहा झोंके मोजावे व दहांनीं भागावें. उभें राहून झोंका घेतला तर शरीराचा मध्यबिंदु वर जातो, लंबक जणू आंखूड होतो, आणि झोंका किंचित् लवकर परततो. सीसॉ ही तरफ आहे. साठ किलो वजनाचे आजोबा व वीस किलोंची नात ह्यांस तिच्यावर बसावयाचें असेल, तर नातीनें मध्यापासून दीड मीटरवर व आजोबांनीं अर्ध्या मीटरवर बसावें. दोन्हीकडे वजन व अंतर ह्यांचा गुणाकार तीसच येतो, आणि फळी तोलली जाते. आजोबांस बसवितांना फळी तेवढी मजबूत आहे ना हें मात्र आधीं पाहावें. बहुतेक ठिकाणीं ती मुलांच्याच वजनासाठीं केलेली असते. नाहीं तर आजोबांनीं जवळ उभें राहून हातानेंच फळी दाबावी. नातीस तेवढेंहि पुरतें.

लोखंडी नळ्यांच्या चौकोनांचा जो सांगाडा असतो, ज्यास जंगलजिम म्हणतात, त्याची हकीगत फारच गंमतीची आहे. चार्ल्स हिंटन नांवाचे एक गणितज्ञ जपानांत राहत असतां त्यांनीं आपल्या मुलांस लांबी, रुंदी व उंची ह्या तीन दिशांचें ज्ञान व्हावें म्हणून बांबूंचा एक सांगाडा बांधिला. अमुक नळीवरून तमुक नळीवर जा, असे ते आंकडे पुकारीत, आणि मुलांनीं चढून ती जागा गांठावयाची. मुलांस गणित किती आलें तें देव जाणे. चढणें मात्र त्यांस अतिशय आवडलें. त्यांपैकीं सेबॅस्टियन हा मुलगा पुढें अमेरिकेंतील विनेट्का गांवीं वकील झाला. १९२० सालीं बोलण्याच्या ओघांत त्यानें ही आठवण सांगितली, तेथील शाळेच्या चालकांस ती पसंत पडली, आणि त्यांनीं तसा सांगाडा शाळेच्या आवारांत करविला. आज खराडीच्या मुलाच्या हातांत जी नळी असते ती अशा रीतीनें एका गणिताच्या शिकवणींतून आलेली आहे. मोठ्या माणसांच्या व्यायामयंत्रांचा, म्हणजे ओपन जिमचा, इतिहास अगदीं अलीकडचा. चीननें १९९५ सालीं राष्ट्रीय व्यायाम योजना हातीं घेतली व वस्तीवस्तींतून अशीं यंत्रें उभीं केलीं. तेथून ती चाल इतरत्र पसरली. हीं यंत्रें लहान मुलांसाठीं नसतात. तीं हलणारीं असून त्यांच्या सांध्यांत बोटें सांपडतात, हें पालकांनीं लक्षांत ठेवावें.

खेळण्यांखालची जमीनहि पाहिली पाहिजे. मूल चढेल तेथून तें केव्हां तरी पडणारच. पडून शिकणें हाहि खेळाचाच भाग होय. प्रश्न असतो तो कशावर पडतें हा. अमेरिकेंतील ग्राहकसुरक्षा आयोगानें दिलेल्या कोष्टकाप्रमाणें ९ इंच जाडीचा वाळूचा थर ४ फूट उंचीवरून पडणाऱ्या मुलास पुरेसें संरक्षण देतो. आपल्याकडे मात्र घसरगुंडीच्या तोंडाशीं सिमेंटच्या लाद्या कित्येक ठिकाणीं दिसतात, कारण त्या स्वच्छ दिसतात व झाडावयास सोप्या पडतात. ज्यानें ती घसरगुंडी वापरावयाची, त्याच्या गुडघ्यास कोणीं विचारलेलें नसतें. तसेंच लोखंडी किंवा पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेस तोंड करून बसविली, तर उन्हाळ्यांत सायंकाळीं पांच वाजतांहि तिच्यावर बसवत नाहीं. तिच्या कडेला कडुनिंब किंवा करंज लाविला असता तर दहा वर्षांत हा प्रश्न सुटला असता. गुलमोहर शोभेस उत्तम, पण वादळांत त्याच्या फांद्या मोडतात. खेळण्यांजवळ तो नसावा असें माझें मत आहे.

इतकें पाहून झाल्यावर विद्यार्थ्यांनीं वस्तूंवरून नजर काढून माणसांकडे वळवावी. उद्यानांत कोण आहे हें पाहणें सोपें. कोण नाहीं हें पाहणें कठीण, आणि महत्त्वाचें तेंच. पहिल्यानें दिसतें तें असें कीं, सातआठ वर्षांपर्यंतच्या मुली मुलांइतक्याच असतात, आणि त्यापुढच्या वयाच्या मुली कमी होत जातात. घरीं कामास हात लागतो हें एक कारण, वडील मंडळींस काळजी वाटते हें दुसरें. पण तिसरें कारण उद्यानांतच असतें. मध्यभागची मोकळी जागा क्रिकेट खेळणारे मोठे मुलगे व्यापतात. चेंडू चोहोंकडे जातो. मुली कडेकडेनें उभ्या राहतात, आणि मग येईनाशा होतात. हें केवळ आपल्याकडेच घडतें असें नाहीं. ऑस्ट्रियांतील व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेनें १९९६-९७ सालीं पाहणी केली, तेव्हां नऊ वर्षांनंतर मुली बागांतून एकाएकीं कमी होतात असें दिसून आलें. मग त्यांनीं १९९९ च्या सुमारास दोन बागांची रचना बदलली. एका मोठ्या मैदानाचे निरनिराळे भाग केले, वाटा वाढविल्या, चेंडूच्या इतर खेळांस जागा दिली, बसून बोलावयास कोपरे केले. मुलींस कोणीं उपदेश केला नाहीं, कीं मुलांस हांकून लाविलें नाहीं. जागा बदलली आणि मुली परत आल्या.

आपल्याकडे ह्यासाठीं परदेशांतून कांहीं आणावें लागणार नाहीं. खोखोचें मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असलें म्हणजे झालें. दोन खांब व चुन्याच्या रेघा एवढेंच साहित्य. ह्या खेळाचे नियम पुण्याच्याच डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं बांधून दिले. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खोखोचा पहिला विश्वचषक झाला, त्यांत भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनीं विजय मिळविला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे व पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर हीं दोघेंहि महाराष्ट्रांतील. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं उद्यानाचा मधला भाग खोखोसाठीं राखून ठेविला, तर क्रिकेटवाल्यांचें फारसें बिघडणार नाहीं. त्यांच्यासाठीं मैदानें आहेत, आणि खराडींत कै. राजाराम भिकू पठारे ह्यांच्या नांवाचें क्रीडासंकुलहि आहे. आणि ज्या मातांस मुलीच्या जाण्याची काळजी वाटते, त्यांनीं तिला थांबविण्याऐवजीं स्वतः तिच्याबरोबर यावें. चालण्याची वाट त्यांच्यासाठींच तर आहे.

वृद्ध माणसांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यासाठीं निराळीं उद्यानें करण्याची प्रथा अलीकडे पडली आहे, व 'नाना-नानी' असें गोड नांवहि त्यांस मिळालें आहे. त्यांत शांतता मिळते हें खरें. परंतु ती थोडी अधिकच मिळते. शास्त्राभ्यास करणाऱ्यांस ठाऊक आहे कीं, जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत यरुशलेम नगराच्या पुनःस्थापनेचें जें चित्र आहे, त्यांत वाड्यांचें किंवा सोन्यारुप्याचें वर्णन प्रथम येत नाहीं. हातांत काठी घेतलेले म्हातारे व म्हाताऱ्या चौकांत बसल्या आहेत, आणि त्याच चौकांत मुलगे व मुली खेळत आहेत, असें तें चित्र आहे. उजाड झालेलें नगर पुनः वसलें हें ओळखण्याची खूण संदेष्ट्यानें हीच सांगितली. ह्याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. म्हातारीं माणसें व मुलें हीं दोघेंहि भयानें प्रथम घरांत शिरतात, आणि निर्भयता आली म्हणजेच बाहेर दिसूं लागतात.

हें चित्र महाराष्ट्रांत पाहावयाचें असेल त्यानें मुंबईस दादरच्या शिवाजी पार्कावर जावें. १९२५ सालीं हें मैदान माहीम पार्क ह्या नांवानें लोकांस खुलें झालें व १९२७ सालीं त्यास हल्लींचें नांव मिळालें. मधोमध क्रिकेटच्या खेळपट्ट्या, एका बाजूस मल्लखांब, आणि सभोंवार एक किलोमीटरहून लांब असा बसका कट्टा. त्या कट्ट्यावर पेन्शनर, कॉलेजांतील मुलेंमुली, भेळ खाणारीं कुटुंबें, सर्व एका रांगेंत बसतात. तो कट्टा बांधणाऱ्यास फार खर्च आला नसेल, परंतु त्यानें केलेलें काम शेंकडों सुट्या बांकांनीं होत नाहीं. खराडीच्या उद्यानांत खेळण्यांच्या कडेनें असा कट्टा असावा. पाठ टेकावयास भिंत व उठतांना धरावयास कठडा असावा. मग आजोबांस निराळें उद्यान लागणार नाहीं, आणि ज्या आईस सातपर्यंत कचेरींतून सुटका नाहीं, तिच्या मुलावर चार अनुभवी डोळ्यांचा पहारा राहील.

राहिला प्रश्न वेळेचा. पुष्कळ सार्वजनिक उद्यानें सकाळीं कांहीं तास व सायंकाळीं कांहीं तास उघडीं असतात आणि दुपारीं बंद होतात. देखभालीसाठीं बंद ठेवावीं लागतात असें सांगतात, आणि त्यांत कांहीं तथ्यहि आहे. पण दुपारीं सावलीची गरज कोणास असते तें पाहा : बांधकामावरील मजुरांस, घरोघर सामान पोंचविणाऱ्या तरुणांस, दोन घरच्या कामांच्या मध्यें तासभर वेळ असलेल्या बायांस. उन्हाळ्यांत फाटकाला कुलूप, आणि कुलुपाच्या आंत दाट सावली, हें दृश्य मनास बरें वाटत नाहीं. सर्व वयांस मोकळी असलेली जागा सर्व प्रहरीं नाहीं तरी ज्यांना गरज आहे त्यांच्या प्रहरीं मोकळी असली पाहिजे.

ह्या बाबतींत शाळेंतील मुलांनाहि कांहीं करतां येतें. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं तिघातिघांच्या टोळ्या कराव्या व जवळच्या उद्यानांत एका आठवड्यांत चार वेळां जावें : सकाळीं सात वाजतां, सायंकाळीं पांच वाजतां, सायंकाळीं सात वाजतां आणि रविवारीं एकदां. प्रत्येक वेळीं पंधरा मिनिटांत वहींत पांच रकाने भरावे : पांच वर्षांखालील मुलें, सहा ते बारा, तेरा ते अठरा, मोठीं माणसें, व साठीच्या पुढचीं. प्रत्येक रकान्यांत पुरुष व स्त्रिया वेगळ्या मोजाव्या. कोणाचें नांव विचारूं नये, कोणाचें छायाचित्र काढूं नये. सोबत मोडकीं खेळणीं, घसरगुंडीखालची जमीन, पिण्याचें पाणी व स्वच्छतागृह ह्यांची नोंद घ्यावी. स्वच्छतागृह नसेल तर म्हातारीं माणसें व मुली अर्ध्या तासांत परत जातात, ही गोष्ट मोजणीवरून लगेच उमगते. दुपारीं फाटकाबाहेर सावलींत कितीजण बसले आहेत हें सुट्टीच्या दिवशीं पालकांबरोबर जाऊन मोजावें.

नोंद पुरी झाली म्हणजे एका पानाचा अर्ज करावा. त्यांत उद्यानाचें नांव, तारखा, वेळा व आंकडे एवढेंच असावें, आणि शेवटीं मागणी एकच असावी, कारण दहा मागण्यांच्या अर्जास सहसा दहा दिशांनीं उत्तर येतें आणि काम एकहि होत नाहीं. अर्जाखालीं एका मुलाची व एका मुलीची सही असावी, आणि आजोबा-आजींपैकीं कोणाची तरी असावी. खराडीसाठीं हा अर्ज महानगरपालिकेच्या नगर रस्ता-वडगांव शेरी क्षेत्रीय कार्यालयांत द्यावा व एक प्रत उद्यान विभागाकडे पाठवावी. स्वतःजवळच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरींतून निघूं नये.